वही, नोंद आणि 'ब-२'

१ मेचे झेंडावंदन आटोपते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत निकाल वाटायला सुरुवात होते. मुलाच्या हातात दुमडलेले प्रगतिपत्रक पडते. नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या पाड्यावर ते घरी पोचले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पास झाला ना? चौथीपर्यंतच्या पत्रकात पास-नापास हा शब्दच नसतो. तिथे असते 'ब-२', 'क-१', 'अ-२', आणि शेजारच्या रकान्यांत गुरुजींनी बारीक अक्षरात लिहिलेल्या दोन-तीन ओळी. मार्कांवर वाढलेल्या काकाला श्रेणी उमगत नाही. शिकलेल्या मामाला श्रेणी कळते, पण त्या ओळींकडे त्याचे लक्ष जात नाही. आणि जिने वर्षभर भल्या पहाटे उठून भाकरी थापून मुलाला शाळेत धाडले, त्या आईला यातले बरेचदा काहीच वाचता येत नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा आहे: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे लोकांच्या तोंडचे धडगाव. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तिच्यात जवळजवळ ६९ टक्के लोक आदिवासी होते. साक्षरता ६४ टक्क्यांच्या घरात, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. त्या वेळी राज्याचा आकडा ८२ होता. मागासलेपणाचा दाखला म्हणून हा आकडा वारंवार सांगितला जातो, पण प्राथमिक शाळेच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार रोजचा आहे. घरी गेलेली वही उघडून पाहणारा, अडलेला शब्द सांगणारा, हातच्याची चूक दाखवणारा मोठा माणूस मुलाच्या घरी असेलच, असे इथल्या शिक्षकाला धरून चालता येत नाही. गृहपाठ आणि श्रेणी या दोन्ही गोष्टी इथे या एका वस्तुस्थितीपासून समजून घ्याव्या लागतात.

आधी श्रेणीची घडण पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २९व्या कलमाने मुलाचे मूल्यमापन सतत आणि सर्वांगांनी व्हावे, असे सांगितले. महाराष्ट्राने त्याला अनुसरून २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला आणि 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' हे लांबलचक नाव गावोगावच्या शिक्षकांच्या तोंडी बसले. या पद्धतीचे दोन भाग आहेत. शिकता शिकता होणारे ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकाचा वाटा ७० आणि संकलिताचा ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६०. मूल जितके लहान, तितके त्याचे वर्गातले रोजचे वागणे-बोलणे-करणे महत्त्वाचे आणि शेवटचा पेपर तितका कमी महत्त्वाचा, हा त्यामागचा विचार. तो शहाणपणाचा आहे.

आकारिकासाठी आठ साधने सांगितली आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर. वहीतले लेखन हे या आठांतले एकच साधन. पालकांच्या मनात मात्र अभ्यास म्हणजे वही आणि वही म्हणजे गृहपाठ, असे समीकरण पक्के असते. मूल गटात बसून दुसऱ्याला गणित समजावून देते, परिपाठात उभे राहून बातमी सांगते, बिया मोजून दशक-एकक लावते, यालाही गुण आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

या गुणांची शंभरात बेरीज होते आणि ती श्रेणीत बदलते. ९१ ते १०० म्हणजे अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड. त्याखाली इ-१ आणि इ-२. ज्या मुलाला इ मिळाला, त्याला जादा मार्गदर्शन करून किमान ड पर्यंत आणणे, ही शाळेवर टाकलेली जबाबदारी आहे. म्हणजे इ हा मुलावरचा शिक्का नसून शाळेला दिलेले काम आहे. पालकसभेत ही गोष्ट मोठ्याने सांगायला हवी, कारण घरी मात्र त्या अक्षरापायी मार मुलालाच बसतो.

आता चौथीच्या दोन मुली डोळ्यांपुढे आणा. मराठीत पहिलीला आकारिकाचे ६० पैकी ४६ आणि संकलिताचे ४० पैकी १९. दुसरीला आकारिकाचे ३० आणि संकलिताचे ३५. बेरीज दोघींची ६५, श्रेणी दोघींची ब-२. पण पहिली मुलगी वर्गात भरभरून बोलते, गोष्ट सांगते, आणि कागद समोर आला की गडबडते. दुसरी पेपरात नीट लिहिते, पण वर्गात तोंड उघडत नाही. पहिलीला घरी चार वाक्ये लिहायचा सराव हवा. दुसरीला आजीला गोष्ट वाचून दाखवायचे काम द्यायला हवे. ब-२ कडे पाहून यातले काही कळत नाही. ते कळते शेजारच्या वर्णनात्मक नोंदींतून. त्यासाठी प्रगतिपत्रकात तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक.

या तीन रकान्यांची आज जी परवड होते, ती पाहून वाईट वाटते. नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांमध्ये फिरत असतात. त्यातून 'अभ्यासात रुची घेतो', 'नियमित उपस्थित राहतो' अशी वाक्ये उचलून चाळीस पत्रकांवर उतरवली जातात. शिक्षकांवर माहिती भरण्याचा भार मोठा आहे, हे खरे. तरीही 'जोडाक्षरांपाशी अडखळते, सोबत कोणी वाचले की नीट वाचते' एवढी एक खरी ओळ त्या सगळ्या गुळगुळीत वाक्यांपेक्षा पालकाच्या कामाची असते.

आता गृहपाठाकडे वळू. त्याविषयीची सरकारी धोरणे पालकांना वाटते त्यापेक्षा खूपच सौम्य आहेत. राज्यसभेत कादंबरीकार आर. के. नारायण यांनी लहान मुलांच्या दप्तराविषयी तळमळीने भाषण केले. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल १९९३ मध्ये आला. प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊच नये, घरच्या परिसरात काही शोधून पाहायला सांगायचे असेल तर तेवढेच सांगावे, असे त्यात म्हटले होते. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये, असा आदेश दिला. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणाने मर्यादाच घालून दिली: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही; तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास; सहावी ते आठवीला दिवसाला फार तर एक तास. आठवड्याला दोन तास म्हणजे सहा दिवसांच्या शाळेत रोजची वीस मिनिटे. दुसरीपर्यंतच्या मुलांना काय सांगावे, हेही त्यात आहे. काल संध्याकाळी काय केले, काय खेळलात, काय जेवलात, ते त्यांनी वर्गात येऊन सांगावे.

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न जुनाच आहे. फ्रान्सने प्राथमिक वर्गांतला लेखी गृहपाठ १९५६ मध्येच परिपत्रकाने बंद केला. चीनने २०२१ मध्ये पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ थांबवला आणि तिसरी ते सहावीला तासाभराची मर्यादा घातली. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी गृहपाठावरचे अनेक अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडला. वरच्या वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो, खालच्या वर्गांत तो फारच क्षीण आहे.

तरीही शहादा किंवा नंदुरबार शहरात गृहपाठ कमी देणाऱ्या शाळेविषयी पालक कुरकुर करतात. 'होमवर्क देत नाहीत, म्हणजे शिकवत नाहीत' हे वाक्य ऐकू येते. त्यामागची काळजी खोटी नाही. वर्गात काय चालले आहे, हे पालकाला वहीशिवाय दुसरीकडे कुठे दिसतच नाही. पण वहीत पानेच्या पाने शुद्धलेखन भरलेले दिसले म्हणून मूल वाचायला शिकले, असे होत नाही. दहा ओळी उतरवायला सांगितल्या की अनेक मुले पहिले अक्षर दहा वेळा, मग दुसरे अक्षर दहा वेळा, असे उभे-उभे उतरवतात. वही भरते. शब्द एकदाही वाचला जात नाही.

सातपुड्यातल्या दोन शिक्षकी शाळेत चित्र आणखी निराळे असते. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला कायद्याने दोन शिक्षक. पहिली ते चौथी असे चार वर्ग त्या दोघांच्या वाट्याला. एक गट शिकत असताना दुसऱ्याला स्वतः करायचे काम द्यावेच लागते. म्हणून पाठ्यपुस्तकातले स्वाध्याय तिथे वर्गातच होतात, शिक्षकाच्या नजरेसमोर, आणि अडलेले सांगायला शेजारचा मोठा मुलगा असतो. तेच काम पाड्यावरच्या घरी पाठवले तर सांगायला कोणी नसते. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांचा तर गृहपाठ म्हणजे संध्याकाळचा अभ्यासाचा तास. त्या तासाला समोर बसणारा मोठा माणूस शिकवणारा आहे की नुसता राखण करणारा, यावर सारे अवलंबून. नर्मदेच्या बुडीत क्षेत्रातल्या गावांत नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा काढल्या. तिथेही मुले राहून शिकतात. शाळा आणि घर यांच्यातली दरी त्यांनी आपल्या परीने बुजवली.

वहीचा खर्च हाही प्रश्न आहेच. पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत मोफत मिळतात, वह्या विकत आणाव्या लागतात. राज्याने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच 'माझी नोंद' म्हणून कोरी पाने घातली. हेतू चांगला होता. पण मुले वह्या आणतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. प्रकल्पांची गत याहून वाईट. थर्माकोल, रंगीत कागद, दुकानात तयार मिळणारी चित्रे यांच्या प्रकल्पात मूल्यमापन कोणाचे होते? बापाच्या खिशाचे. ज्या गावात स्टेशनरीचे दुकानच नाही, तिथल्या मुलाचे गुण मग कापले जातात.

भाषेचे अंतर हा या जिल्ह्यातला सर्वांत खोल मुद्दा आहे. घरात भिलोरी, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी. पुस्तकात प्रमाण मराठी. सातपुड्यातल्या लोकांची देवी याहा मोगी. त्या नावातला 'याहा' म्हणजे आई. पहिलीत आलेल्या मुलाला 'आ' आईचा, असे शिकवले जाते तेव्हा त्याला अक्षर आणि शब्द या दोन्ही गोष्टी एकदम नव्या असतात. अशा मुलाला पुस्तकातला उतारा घरून लिहून आणायला सांगणे म्हणजे न पाहिलेल्या मुलखाचा नकाशा काढायला सांगण्यासारखे आहे. रेषा येतील, अर्थ येणार नाही. शिक्षण हक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवा, असेच म्हणतो.

आणि याच जागी नंदुरबारचे घर एकदम श्रीमंत होते. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर लाल मिरची पसरलेली असते. ओली किती आणली, वाळून किती उरली, हे घरातल्या कोणालाही विचारा. धडगावकडे उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, कापून, वाळवून आमचूर होते. एक किलो आमचुराला किती कैरी लागते, हे चौथीच्या मुलाने आजीला विचारून, लिहून, वर्गात सांगितले तर गुणाकार-भागाकाराचा आख्खा तास उभा राहतो. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांची वर्णने, काठीच्या राजवाडी होळीची हकीकत, घरच्या बोलीतले दहा शब्द आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द, हा सगळा गृहपाठच आहे. त्यासाठी साक्षर पालक लागत नाही, बोलणारा पालक लागतो. यशपाल समितीने म्हटलेले परिसरात शोधणे ते हेच. दप्तर धोरणातला 'काल काय जेवलात' हा प्रश्नही याच जातीचा.

करोनाच्या काळात घर ही एकच शाळा उरली, तेव्हा घराघरांतले अंतर उघडे पडले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम सुरू केला. दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न यायचे, मुलांनी ते सोडवायचे. शहरातल्या मुलांना ते जमले. ज्या पाड्यावर फोन बापासोबत कामाला जातो आणि रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते, तिथे ते पोचलेच नाही.

शाळेचे वेळापत्रक आणि इथल्या पोटाचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही, हेही श्रेणी वाचताना लक्षात ठेवावे लागते. पहिल्या सत्राचे संकलित मूल्यमापन दिवाळीच्या आधी होते. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात, ती होळीला परततात. दुसऱ्या सत्रातल्या आकारिकाचे महिने नेमके तेच. म्हणजे चौथीच्या मुलाचे १०० पैकी ६० गुण ज्या काळात रोजच्या वर्गकामातून मिळायचे, त्या काळात तो उसाच्या फडावर असतो. परतल्यावर मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायचा हंगाम, आणि त्याच वेळी दुसरे संकलित. अशा मुलाला क-२ मिळाला तर तो त्याच्या बुद्धीचा हिशेब म्हणायचा की गैरहजेरीचा? स्थलांतरित मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहे आहेत, आणि दुसऱ्या ठिकाणच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डही आहे. गाव सोडण्याआधी हे कार्ड शाळेतून मागून घ्यायचे असते.

चौथीपर्यंत या सगळ्याचा परिणाम श्रेणीपुरता राहतो. पाचवीत मात्र दार बदलते. २०१९ मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त केला, आणि महाराष्ट्राने डिसेंबर २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. २०२३-२४ या वर्षाच्या अखेरीस ती पहिल्यांदा झाली. पाचवीला प्रत्येक विषयाचे ५० गुण, आठवीला ६०. उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के, म्हणजे पाचवीत १८ आणि आठवीत २१. यात जे मूल मागे पडते त्याला मार्गदर्शन देऊन जूनमध्ये पुन्हा परीक्षा घ्यायची. तीतही ते उत्तीर्ण झाले नाही तर त्याला त्याच वर्गात बसावे लागते. शाळेतून काढता मात्र येत नाही. 'आठवीपर्यंत नापास करत नाहीत' ही समजूत पाड्यापाड्यावर अजून घट्ट आहे, आणि ती आता चुकीची आहे. हे पालकांना पाचवीच्या निकालादिवशी कळणे, हा मुलावरचा अन्याय होईल. तिसरी-चौथीच्या प्रगतिपत्रकातला 'सुधारणा आवश्यक' हा रकाना त्यामुळे आता जास्त मोलाचा झाला आहे.

अपेक्षा कोणी कोणाकडून काय ठेवायच्या, याचे उत्तर कायद्यात बरेचसे आहे, फक्त ते वापरले जात नाही. गृहपाठ केला नाही म्हणून मुलाला मारणे किंवा वर्गात लाजवणे कलम १७ ने बंद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागी महिला असाव्या लागतात. या समितीची बैठक शाळेच्या रंगाला आणि पोषण आहाराच्या तांदळालाच खर्ची पडू नये. संध्याकाळी तासभर शाळेची खोली किंवा समाजमंदिर अभ्यासाला उघडे ठेवणे, गावातल्या दहावी-बारावी झालेल्या पोरींना तिथे बसवणे, पाचवीच्या परीक्षेची तारीख कुटुंबे गाव सोडण्याआधी सांगणे, हे ती समिती ठरवू शकते. शिक्षकांनीही एवढे करावे, की घरी दिलेल्या कामाला गुण देताना ते काम घराच्या ऐपतीवर अवलंबून नव्हते ना, हे आधी पाहावे.

पालकांनी येत्या १ मेला श्रेणीकडे नंतर पाहावे. वाचता येत नसेल तर मुलालाच 'सुधारणा आवश्यक' हा रकाना मोठ्याने वाचायला सांगावा, तिथे बोट ठेवावे आणि गुरुजींना किंवा बाईंना विचारावे: सुट्टीत यासाठी घरी काय करायचे, आणि आम्हांला लिहिता-वाचता येत नाही, तर ते कसे करायचे? असे विचारताना संकोच वाटायचे कारण नाही. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे, हे कायद्याच्या २४व्या कलमाने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे.